स्वभावाले औषध

बसा भाऊ, तुमची गाडी काई इतक्यात येत नाई. सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीकडचे ट्रक आज आष्टीच्या पुलापासून लाइनीनं उभे हायेत. तवरिक पान लावतो अन् तुमाले येक गोष्ट सांगतो. मांगच्या खेपेले आमच्या देवरावभाऊजीचा बाप अन् काका येका धुऱ्यापायी, वावराच्या वीतभर बांधापायी, कोर्टात कसे बुडाले, ते सांगतलं. ते हारल्याचं होतं. आज जिकल्याचं सांगतो. चुना कमी नं? हाव, मालूम हाये.

गोष्ट खुशबूची. माही भाची. माही बहीण अंजनाबाई अन् देवरावभाऊजी, त्यायची थोरली पोरगी. डॉक्टर हाये हे तं अख्ख्या गोंडपिपरीले मालूम. पण कशाची डॉक्टर, हे सांगाले घरच्यायले लय वर्सं लाज वाटे. कोणी इचारलं तं अंजनाबाई म्हणे, "डोक्याची." समोरचा म्हणे, "म्हणजे डोकं दुखते त्याची?" तं ही म्हणे, "हाव, तसंच काईतरी."

नागपूरले पोरगी एमबीबीएस झाली तवा भाऊजीनं गावजेवण देल्लं. पुढं बाळंतपणाची डॉक्टर होईन म्हणून गोंडपिपरीले रोडवरची जागाबी पाहून ठेवली. अन् हिनं फोन करून सांगतलं का बाबा, मी मानसोपचार घेतलं. भाऊजीनं फोन ठेवला, बाहेर आले अन् मले म्हणले, "इतवारी, पोरगी येड्यायची डॉक्टरीन होऊन राह्यली." जसं काई पोरगीच येडी झाली.

त्यातबी तिनं काय धरलं, तं स्वभाव. तिच्या भाषेत व्यक्तिमत्त्व विकार. मले तिनं याच बाकड्यावर बसून समजावलं. म्हणे, "मामा, ताप येते, उतरते. कोणाले भास होते, ते गोळ्यायनं कमी होते. पण येखाद्याचा पुरा स्वभावच असा ऱ्हायते का त्याचा त्यालेच तरास अन् घरच्यायलेबी. जवळचं माणूस सोडून जाईन या भेवानं तो त्याले असा आवळते, का ते माणूस खरंच पळते."

म्या म्हणलं, "बाई, असे तं गावात निम्मे हायेत."

"निम्मे नाई मामा. पण हायेत."

"अन् स्वभावाले औषध ऱ्हायते काय कुठी?"

हासली. म्हणे, "माहे मोठे सरबी हेच म्हणत होते. फक्त इंग्रजीत."

सरायनं तिले साफ सांगतलं होतं का पोरी, दुसरं काईबी घे, नाव होईन. हे धरलं तं हात कोरडे ऱ्हातीन. हिनं तेच धरलं. बंगलोरले जाऊन शिकून आली, मोठ्या दवाखान्याची नोकरी सोडली, अन् गडचिरोलीले येऊन बसली. बाहेरदेशात म्हणे येका माणसामांगं येक डॉक्टर बसते, वर्सावर्सं. आपल्याकडं तितके डॉक्टर आणाचे कुठून? तं हिनं धानाच्या रोवण्यासारखं केलं. रोवण्याले येकटी बाई कधी उतरते काय बांधीत? गट ऱ्हायते. आज हिची बांधी, उद्या तिची. तसे तिनं माणसायचे गट केले. राग चढला तं काय कराचं, जीव द्यावासा वाटला तं कोणाले हाक माराची, हे सगळे येकमेकायपुढं शिकत. तिच्यासंगं डॉक्टर दीपिका म्हणून येक होती, नागपूरची. दर बुधवारी या दोघी ते गट घेत.

अन् भाऊ, फरक पडला. हे मी नाई सांगून राह्यलो, बाहेरदेशच्या मासिकवाल्यायनं तपासून छापलं. दिल्लीहून मंजुरी आली का आता हेच काम गावागावात न्या. ज्या सरायनं कोरडे हात म्हणलं होतं, त्यायनं फोन केला, म्हणे मले पाहाले याचं हाये.

खुशबूनं ठरवलं, पयलं केंद्र माह्या गावात. विहाराच्या मांगं दोन खोल्या रिकाम्या हायेत, त्याच. अन् विहार कमिटीचे अध्यक्ष कोण, तं देवरावभाऊजी. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेले सारे सोयरे घरी येते, गाव भरलेलं ऱ्हायते, म्हणून त्याच दिवशी दुपारी बैठक ठेवली. भाऊजीनं हो म्हणलं का झालं. अन् नाई म्हणलं तं? पोरगी मले म्हणे, "मामा, माह्याच घरानं हाकललं तं दुसऱ्या गावात कोणत्या तोंडानं जागा मागू?"

भाऊजी हो म्हणणारच होते. नवा सदरा काढून ठेवला होता.

मंडईच्या सकाळी म्या ठेला बंद ठेवला अन् बहिणीच्या घरी गेलो. आंगणात सोयरे बसले होते. चुलीवर चहाचं गंज. ओसरीवर भाऊजी अंबाडीची दोरी वळून राह्यले होते. पलीकडं त्यायची मोठी बहीण सुगंधाआत्या, भिंतीले टेकून. आत्या म्हणजे या घरचा दारूगोळा. नवरा लवकर गेला तवापासून भावाकडंच. तिच्या रागाच्या गोष्टी तुमी आयकल्या हाये, आज नाई सांगत.

तितक्यात उर्वशी बाहेर आली. उर्वशी म्हणजे राजदीपची बायको, अन् राजदीप म्हणजे खुशबूचा लहान भाऊ. उर्वशी बीएड झाली, नोकरी नाई, पण इंग्रजी पेपर वाचते. मोठ्या खुशीत म्हणे, "ताईचं छापलेलं भेटलं मले फोनवर. वाचू काय?"

"वाच नं व," अंजनाबाई म्हणे. "सोयऱ्यायलेबी समजू दे आमची पोरगी काय करते ते."

उर्वशी आपल्या भाषेत करून सांगाले लागली. आंधी आकडे होते, सोयरे जांभया देऊ लागले. मंग येका माणसाची हकीकत आली.

"येक शेतकरी," उर्वशी म्हणे. "साठीच्या वरचा. धानाच्या गावातला. सकाळी ज्याले देव म्हणते त्याले संध्याकाळी दुश्मन म्हणते. घरातलं कोणी गावाले जाऊन राह्यलं का ताट सरकवते. रुसून बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या काठाले जाऊन बसते, म्हणते मी आता घरी येत नाई. शिकवणी सुरू झाल्यावर, राग आला का दोरी वळते. अन् दोरी पुरी होयेपर्यंत बोलत…"

तिथी ती थांबली. कारण सगळे ओसरीकडं पाहून राह्यले होते. भाऊजीच्या हातातली दोरी अर्ध्यावर थांबली होती.

"पुन्हा वाच," भाऊजी म्हणले.

"बाबा, असू द्या."

"वाच म्हणलं नं."

तिनं वाचलं. बारीक आवाजात. भाऊजीनं दोरी खाली ठेवली. "वर नाव कोणाचं हाये?"

"ताईचं. अन् दीपिका मॅडमचं."

भाऊजी उठले अन् मांगं गोठ्याकडं गेले. नवा सदरा खुटीले तसाच.

राजदीप बोलाले लागला. त्याले सरपंचकीची निवडणूक लढाची होती, सोयरे पाहून त्याची छाती फुगली होती ती भसकन बसली. "घ्या. सात समुद्रापलीकडं बाप येडा म्हणून छापून आली. अन् दुपारी येऊन त्याच बापाले खोल्या मागन. वा."

"हळू बोल," अंजनाबाई म्हणे. "नाव कुठी लिवलं हाये त्यायचं?"

"आई, धान, बोडी, दोरी. अजून काय लिवाचं ऱ्हायलं? आधार नंबर?"

मी गोठ्यात गेलो. भाऊजी गाईच्या पाठीवर हात ठेवून उभे. म्या म्हणलं, "भाऊजी, दोरी काय तुमीच वळता काय जगात?"

"इतवारी, तुले मालूम नाई," ते म्हणले. "पोरगी बंगलोरले गेली तवा मी बोडीवर जाऊन बसलो होतो. मले वाटलं कोणी पाह्यलं नाई. अन् दोरी वळाले तिनंच सांगतलं. दोन वर्सांमांगं म्हणे, बाबा, राग आला का हातात काईतरी काम घेत जा. मी म्हणलं लेक हाये, काळजीनं सांगून राह्यली." गाईच्या पाठीवरचं गवत काढत होते, जे तिथी नोहतं. "ती काई लेक म्हणून पाहत नोहती मले. डॉक्टर म्हणून पाहत होती."

मी चवथी पास माणूस. म्या गाईपुढं चारा टाकला अन् त्यायच्याजवळ उभा राह्यलो, बस.

तिकडं खुशबू अन् दीपिका डॉक्टरीन गाडीत. ट्रकायच्या मांगं अडकल्या होत्या. हे मले दीपिकानं मागाहून सांगतलं. उर्वशीचा रडत फोन आला, सगळं आयकलं, फोन ठेवला, अन् खुशबूनं ते दीपिकाले सांगतलं. दीपिकाच्या डोळ्यात पाणी. म्हणे, "खुशबू, चूक माझी आहे. तपशील मी बदलले. तुझ्या घरी कोण दोरी वळतं हे मला काय माहीत."

"तुही चूक नाई. मीबी वाचलं होतं. बाबा दोरी वळते हे मले घरी आली का नेहमीच दिसते म्हणून दिसलंच नाई."

"मग एक वाक्य सांग बाबांना, की तो पेशंट कोण आहे. विषय संपला."

"त्या वाक्यात दुसऱ्याचं नाव हाये."

"घरातच राहील ते."

"घरालेच तं नाई समजाले पाह्यजे," खुशबू म्हणे. "दीपिका, लोक बुधवारी आपल्याकडं येते ते या येका भरोशावर. मी बापासाठी तो मोडला तं उद्या कोणासाठी मोडीन?"

"आणि खोल्या?"

"पाहू."

म्हणजे भाऊ, पोरगी घरी येत होती ते आपलं तोंड शिवून. हे तवा आमाले कोणाले मालूम नोहतं.

गाडी दारात लागली तवा कोणी उठलं नाई. नाईतर डॉक्टर बाई आली म्हणून लहानमोठे गाडीले झोंबत. खुशबू आंगणात आली, सोयऱ्यायले जयभीम केला. अर्ध्यायनं घेतला, अर्धे चहात पाहत बसले. आत्या भिंतीपाशीच होती. भाऊजी गोठ्यातून आले अन् ओसरीच्या पायरीवर उभे राह्यले.

"बाबा," ती म्हणे, "तो माणूस तुमी नाई."

"मंग कोण?"

"ते मी सांगू शकत नाई."

राजदीप हासला. "वा. माणूस हाये, पण सांगता येत नाई. माह्या निवडणुकीत असंच सांगतो मी. मतं हायेत, पण दाखवता येत नाई."

"राजदीप, तू चूप बैस," म्या म्हणलं.

"मामा, तुमी मधात नका पडू. तुमची भाची, तुमाले गोडच लागन." मंग बहिणीकडं वळला. "ताई, येक सांग. बाबानं शेत गहाण नाई ठेवलं तुह्यासाठी, पण माही हौस गहाण ठेवली. मले डीएड कराचं होतं, म्हणले आंधी तिचं होऊ दे. म्या ट्रॅक्टर हाकला. काई बोललो काय कधी? अन् तू त्याच माणसाचा तमाशा केला."

हे बरोबर होतं त्याचं. खुशबूनं मान खाली घातली. "तुह्यं खरं हाये. तुह्या डीएडचं मी इसरली नाई. पण तमाशा म्या नाई केला."

भाऊजी म्हणले, "येक गोष्ट सांग. मी येडा हाव काय?"

"नाई बाबा."

"मंग गावाले सांग तो कोण हाये. आता. इथी. मी सदरा घालतो अन् चालतो विहारात."

मी तिच्या तोंडाकडं पाहत होतो. भाऊ, माणूस पाण्यात बुडताना काठावरची फांदी पाहते नं, हाताजवळ ऱ्हायते अन् धरत नाई, तसं होतं तिचं. अंजनाबाई म्हणे, "सांग नं व माय. येक नाव तं हाये."

"आई, तूबी कधी येशीन माह्याकडं. तवा तुह्यंबी कोणाले नाई सांगणार."

"मी काऊन येईन?" अंजनाबाई तट्टकन म्हणे.

"मंग बैठक नाई," भाऊजी म्हणले. "खोल्या नाई. जा तू गडचिरोलीले."

खुशबू म्हणे, "ठीक हाये बाबा." अन् पिशवी उचलली. रडली नाई. सांगतो ना, रडली असती तं मले सोपं गेलं असतं.

तेवढ्यात सुगंधाआत्या उठली.

अन् आत्या उठली का या घरात येक रिवाज हाये. अंजनाबाईनं पितळी गडवा उचलून मांगं ठेवला. राजदीपनं खुर्ची सरकवली. सोयऱ्यायपैकी येक जण चपला घालाले लागला. आत्याचा चेहरा लाल, नाकपुड्या फुललेल्या. आता ही बोडीकडं पळते का कोणाच्या टाळक्यात घालते, असं मी पाहत होतो.

ती आत गेली. सूप घेऊन आली. सुपात तांदूळ. आंगणाच्या मधात फतकल मारून बसली अन् तांदूळ निवडाले लागली.

कोणाले काई समजेना. खुशबू दारापाशी पिशवी घेऊन उभी, तिचं तोंड मातर पांढरं पडलं. म्हणे, "आत्या, नको. तुले बोलाची काई गरज नाई."

आत्यानं वर पाह्यलं नाई. दाणा दाणा करत निवडत राह्यली. चेहऱ्याची लाली उतरली. मंग सूप बाजूले ठेवलं.

"देवा," ती भावाले म्हणे, "दोरी नाई होय ते. तांदूळ होय. अन् माणूस नाई होय, बाई होय. ते मी हाव."

भाऊजी पायरीवर तसेच. "तू?"

"मी. नाव झाकाले बाईचा माणूस केला, तांदळाची दोरी केली. त्या दीपिका पोरीले काय मालूम का इथी येक खरा दोरीवाला बसून हाये."

"तू तं दर बुधवारी गुडघ्यासाठी जात होती गडचिरोलीले."

"गुडघे बरे हायेत माहे. गुडघ्याचं नाव सांगतलं का कोणी इचारत नाई. मनाचं सांगतलं तं अख्खं गाव इचारते."

दीपिका पुढं आली, म्हणे, "आजी, तुम्ही खरंच…"

"तू ऱ्हाय बाजूले, पोरी. घरचं हाये." आत्या आता अंजनाबाईकडं वळली. "अंजना, तू लय दिवस झाले माह्यावर रागावून हाये. तू निवडलेले तांदूळ मी पुन्हा निवडतो म्हणून."

"मंग रागवाचं नाई काय?" अंजनाबाई म्हणे. "दोन वर्सांपासून. सोयऱ्यायपुढंबी. जसं काई मी खडे खाऊ घालतो घरच्यायले."

"तुह्या तांदळात खडा नोहता व. माह्यात होता. तोंडातून वाईट निघते असं वाटलं का मी सूप घेतो. तिथी तेच शिकवलं. हात चालू दे, तोंड थांबव. मंग बोल."

भाऊ, आमच्या सगळ्यायच्या डोळ्यापुढून दोन वर्सं गेले. आत्या निवली होती, हे सगळ्यायनं पाह्यलं होतं. भाऊजी म्हणत वय झालं. अंजनाबाई म्हणे विहारात वंदनेले बसते म्हणून. राजदीप म्हणे शुगरची गोळी लागू पडली. मी म्हणत होतो माह्या पानात बडीशोप जास्त टाकतो म्हणून. पण ती बाई येकटी, साठीच्या वर, एसटीत उभी राहून दर बुधवारी स्वतःचा स्वभाव धुवाले जात होती, हे कोणाच्या मनातबी आलं नाई.

"खुशबू मले तपासत नाई," आत्या म्हणे. "म्हणे रक्ताच्या माणसाले आमी तपासत नाई. तिनं फक्त नेऊन दीपिकाच्या हवाली केलं. दरवाजाबाहेर बसे. छापाचं मले इचारूनच छापलं. म्या म्हणलं लिवा, माह्यासारख्या दुसऱ्या बाईले कामी येईन. पण नाव नको. घरचे पोरीवर जातीन. अन् तेच झालं."

मंग ती खुशबूले म्हणे, "तुले याद हाये, तुह्या आईसंगं तू मामाकडं गेली होती, अन् मी तुह्या नव्या फराकीले चुलीत घातलं?"

"हाये आत्या."

"सकाळी म्याच शिवली होती."

म्या ते आयकलं अन् मले पोरगी आठवली. इतकुशी. त्याच्यानंतरच्या खेपेले आली तवा माह्या मांडीवर बसून मले इचारत होती, "मामा, सकाळची आत्या अन् संध्याकाळची आत्या येकच हाये काय?" म्या म्हणलं होतं, हाव, येकच. ती म्हणे, मंग संध्याकाळी ती कुठी जाते? त्या येका प्रश्नामांगं पोरगी नागपूर गेली, बंगलोर गेली, सरायशी भांडली. आता समजलं मले.

खुशबू आत्यापाशी खाली बसली. तवा रडली. आत्यानं तिले आपल्या पदराचं टोक देल्लं अन् म्हणे, "पूस. नाक वाहून राह्यलं. डॉक्टरीन दिसत नाई."

भाऊजी पायरीवरून उतरले. आत्याचं सूप उचलून पायरीवर ठेवलं. मंग म्हणले, "मंग मी कोण हाव?"

"तुमी तिरसट हाये बाबा," खुशबू डोळे पुसत म्हणे. "तिरसटपणावर मी काम करत नाई. तितका पैसा दिल्लीकडंबी नाई."

आंगण हासलं. आंधी चपला घालणारा सोयरा हासला, मंग सगळे. भाऊजीबी. पण मी त्यायले ओळखतो, थोडे हिरमुसलेबी होते. इतका येळ बाहेरदेशच्या मासिकात आपण हावो असं वाटून राह्यलं होतं, अन् ते निघाली बहीण.

"राजदीप," ते म्हणले, "सदरा आण माहा."

राजदीप सदरा घेऊन आला. बहिणीजवळ थांबला. म्हणे, "ताई, मी लय बोललो."

"खरं तेच बोलला. डीएडचं आपण बसून बोलू."

"आता काय डीएड. केंद्रात खुर्च्या लावाले कोणी पाह्यजे काय ते सांग."

दुपारी विहारात बैठक भरली. पंचशील झालं. पुरुष मधात, बायका भिंतीपाशी. कमिटीतल्या येकानं उभं राहून सांगतलं का डॉक्टर बाईचा मान हाये, पण विहाराच्या मांगं येड्यायचं केंद्र म्हणजे बरं दिसत नाई, लेकी द्याच्या-घ्याच्या ऱ्हायते गावाले. दोनचार माना हालल्या. त्यायचंबी सोळा आणे खोटं नोहतं. पोरगी पाहाले येणारा आंधी खोलीची पाटी वाचते.

भाऊजी उभे राह्यले.

"सकाळी मले वाटलं," ते म्हणले, "का माह्या पोरीनं मले येडा म्हणून छापलं. मी तिले घराबाहेर काढत होतो. येका नावानं तिचं सगळं वाचत होतं. तिनं ते नाव घेतलं नाई. मी बाप, मी मागत होतो, तरी नाई. तुमच्यापैकी कोणी उद्या तिच्यापाशी गेलं, तं तुमचं नाव कोणापाशी जाईन? मी आज पाहून आलो. कोणापाशीच नाई." कमिटीकडं वळले. "येवढीच मी खात्री देतो. खोल्या द्याच्या का नाई, हात वर करा."

मधात बसलेले येकमेकाकडं पाहाले लागले. कोण आंधी करते, हे पाहून राह्यले.

पयला हात भिंतीपाशी वर गेला. सुगंधाआत्याचा. ती कमिटीत नाई, तिच्या हाताची काई मोजणी नाई, तिले मालूम होतं. तरी केला. येकजण म्हणे, "आत्या, तुमाले काय लागते तिथी?"

"मले लागते," आत्या म्हणे. "दोन वर्सं लागलं. गडचिरोली लांब पडते. इथी झालं तं एसटीचे धक्के वाचन."

भाऊ, आत्यानं हात खाली घेतलाच नाई. अन् मंग तिच्या बाजूची बाई, मंग तिच्या बाजूची. भिंतीपाशी हातच हात. कोणत्या घरात कोण काय दुखणं घेऊन बसलं हाये, हे बायकायले मालूम ऱ्हायते. ते पाहून मधल्यायचे हात आपोआप वर. ज्यानं लेकी द्याचं-घ्याचं काढलं होतं, त्यानं शेवटी केला, पण केला. म्हणे, "पाटी मातर लावू नका." खुशबू म्हणे, "पाटी आमालेबी नको."

अंजनाबाई दारापाशी उभी होती. बाहेरगावच्या येका सोयरीननं तिले इचारलं, "तुमची पोरगी कशाची डॉक्टर हाये म्हणता?" माह्या बहिणीनं पदर सावरला. "स्वभावाची," म्हणे. "मोठमोठ्यायले जमलं नाई ते करते."

त्या संध्याकाळी मंडईत भाऊजीनं पोरीसाठी जिलेबी घेतली. चाळिशीले टेकलेली डॉक्टरीन, अन् बाप तिले पुडा हातात देते, म्हणते खा. तिनं उभ्या उभ्या खाल्ली. मोठे सर नंतर आले पाहाले, इथी याच बाकड्यावर बसले होते, पान नाई खाल्लं. तो येगळा किस्सा.

आता त्या खोल्यायत जागा पुरत नाई, भाऊ. अहेरीकडून येते, चामोर्शीकडून येते. अन् तुमी कोरपन्याकडचे. तिकडून येक बाई येते, कापसाच्या येचणीचा दिवस बुडवून, दोन गाड्या बदलून. पोरीनं मले सांगून ठेवलं, मामा, तुह्या ठेल्यावर सतरा गावचं माणूस बसते, इचारत जा.

तं तुमालेच इचारतो. तुमच्या गावात येक खोली पाहा. मोठी नाई पाह्यजे. दहा-बारा माणसं खाली बसतीन येवढी. भाडं ते देतीन, तुमी फक्त घरधन्याशी बोला. पण बोलताना येक ध्यानात ठेवा, आत्यानं बजावून सांगतलं हाये. खोलीले मांगून येक दार असलं पाह्यजे. ज्याले समोरून याची लाज वाटते, त्याच्यासाठी. तशी पाहाल नं भाऊ?